मैदानावरची मासेमारी

रविवारी फजरनंतर, क्रिकेटवाली मुले यायच्या आत, आमच्या शाळेचे मैदान अर्धा-पाऊण तास रिकामे असते. जानेवारीत त्या वेळी माझा नववीतला मुलगा नऊ फुटांची काठी घेऊन मैदानाच्या मधोमध उभा राहायचा आणि एक पिवळी दोरी हवेत पुढे-मागे फेकायचा. दोरीच्या टोकाला गळ नव्हता, लाल लोकरीचा तुकडा बांधलेला होता. पहिल्या रविवारी शाळेचे वॉचमन काका बराच वेळ पाहत राहिले, मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "मॅडम, पोराची तब्येत बरी आहे ना?" मी म्हटले, "काका, तो मासे पकडायला शिकतोय." त्यांनी एकदा मैदानाकडे पाहिले, एकदा माझ्याकडे, आणि काही न बोलता फाटक उघडायला निघून गेले.

घरी अब्बांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, तर निकालच देऊन टाकला होता. "बाय, मासा पाण्यात असतो, मैदानात नाय." अब्बा मूळचे कोकणातले. लहानपणी खाडीच्या काठावर गरी टाकून बसलेले. कंपनीत नोकरी लागली म्हणून सातपूरला आले आणि इथलेच झाले. पण निवृत्तीनंतरही दर बाजाराच्या दिवशी मासळीवालीशी पंधरा मिनिटे हुज्जत घातल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही.

ही काठी आमच्याकडे आली ती नणंदेच्या यजमानांमुळे. ते इंग्लंडात बर्मिंगहॅमला असतात. तिकडे सुट्टीच्या दिवशी तलावावर जाऊन ट्राउट मासे पकडतात. डिसेंबरात आले तेव्हा जुनी काठी, रीळ आणि माश्यांची एक डबी मुलासाठी घेऊन आले. माश्या म्हणजे खऱ्या नव्हेत. बारीक गळावर पिसे, लोकर आणि दोरा गुंडाळून केलेल्या. म्हणून या प्रकाराचे नाव फ्लाय फिशिंग. मुलाने डबी उघडली आणि मी पाहिले की त्याचा चेहरा किती महिन्यांनी असा खुलला आहे. आणि त्याच क्षणी माझ्या पोटात गोळा आला.

त्याचे कारण सांगायला हवे. काही वर्षांपूर्वी माझ्या आठवीच्या वर्गातला एक मुलगा रविवारी मित्रांबरोबर पोहायला गेला आणि परत आला नाही. सोमवारी हजेरी घेताना सवयीने मी त्याचे नाव उच्चारले. वर्गात कुणी काही बोलले नाही. हजेरीपट तसाच हातात धरून मी उभी राहिले, पुढचे नाव घ्यायला मला फार वेळ लागला. त्या दिवसापासून माझ्या मुलाला धरण, नदी, विहीर, सगळे बंद. शाळेची सहल तलावाकडे निघाली की मी काहीतरी निमित्त काढायची. हा ऐकत आला, पण गेल्या वर्षापासून त्याने विचारणेच सोडले होते. घरात असला तरी फोनमध्ये. आईचा शब्द मोडला नाही, पण आईशी बोलायचाही नाही.

म्हणून मी त्याला म्हटले, "काठी वापर. पण आधी कोरड्यावर शीक." मनात असे होते की कंटाळून सोडून देईल. झाले उलटेच. शिकवता शिकवता मीच शिकले. आणि वाचक भगिनींनो, या विद्येबद्दल जे कळले ते लिहिण्याचे कारण हे की ही सुरुवात खरोखरच पाण्यापासून दूर करता येते, किंबहुना तशीच करायची असते.

आपल्याकडच्या नेहमीच्या गळात दोरीच्या टोकाजवळ शिशाचा तुकडा असतो. आपण तो फेकतो, आणि त्याच्या वजनाने बारीक दोरी मागोमाग जाते. माशीला वजन जवळजवळ नसतेच, ती फेकली तर पायाशीच पडेल. म्हणून इथे दोरीच जाड आणि वजनदार असते. फेकायची ती दोरी, माशी नुसती तिच्या मागे जाते. हे मला पुस्तकातून कळले नव्हते. ते कळले गच्चीवर धुतलेली चादर झटकताना. आपण दोन कोपरे धरून झटका देऊन हात थांबवतो, आणि एक लाट चादरीतून पळत पलीकडच्या कडेला पोहोचते. हात थांबवला नाही तर चादर नुसती लोंबते. काठीचेही तेच. मुलाला मी गच्चीवर बोलावले आणि चार चादरी झटकायला लावल्या. (बाकीच्या कपड्यांचेही काम झाले, ते वेगळे.)

काठी धरताना अंगठा वर ठेवायचा. समोर घड्याळ आहे असे समजायचे. काठी दहावरून उचलून एकपर्यंत मागे न्यायची, हळू सुरू करून वेग वाढवत, आणि तिथे एकदम थांबायचे. आता दोरी मागे उलगडते आहे. ती पूर्ण सरळ होईपर्यंत सब्र करायचा, मग तसेच पुढे दहावर आणून पुन्हा थांबायचे. सगळी मेख त्या मधल्या थांबण्यात आहे. नवशिका घाई करतो. दोरी अजून मागे वळलेलीच असते आणि हा काठी पुढे ओढतो, मग चाबकासारखा फटका ऐकू येतो. तसा आवाज आला की समजावे, खरी माशी असती तर तुटून पडली असती. दुसरी चूक म्हणजे मनगट मोडून काठी पार पाठीमागे जमिनीला टेकवणे. माझ्या मुलाने या दोन्ही चुका तीन रविवार केल्या. मी मागे उभी राहून "थांब... आता" असे म्हणत राहायची. किती महिन्यांनी तो माझे ऐकत होता, तेही हसत.

सामानाबद्दल थोडक्यात. नवशिक्याला नऊ फुटांची, पाच क्रमांकाची काठी बरी पडते. क्रमांक म्हणजे दोरीच्या वजनाचा. काठीवर जो क्रमांक असेल त्याच क्रमांकाची, पाण्यावर तरंगणारी दोरी घ्यावी. तिच्या पुढे नऊ फुटांचा पारदर्शक नायलॉनचा तुकडा असतो, लीडर म्हणतात. तो टोकाकडे निमुळता होत जातो, म्हणजे माशी अलगद पडते आणि माशाला दोरी दिसत नाही. रीळ या कामात नुसते दोरी गुंडाळून ठेवण्यापुरते, त्याच्यावर पैसे घालू नयेत. टोपी आणि चष्मा मात्र हवाच, मैदानावरसुद्धा. गळ हवेत कानाजवळून जातो, डोळा एकदाच मिळतो. वारा उजव्या हाताला असेल तर दोरी अंगावर येते. उजव्या हाताने फेकणाऱ्याने वारा डावीकडून किंवा पाठीवरून येईल असे उभे राहावे. आणि एक गोष्ट जी नंदोईंनी बजावून सांगितली: या काठ्या कार्बनच्या असतात, त्यांतून वीज वाहते. वर विजेच्या तारा असतील तिथे काठी उभारायचीही नाही. मे महिन्यात ढग गडगडायला लागले की काठी खाली ठेवून निघायचे.

माश्या बांधायचे काम धाकटीने पळवले. ती सहावीत आहे. गळाला दोरा गुंडाळायचा, त्यावर तपकिरी लोकरीचे अंग, तोंडाशी कोंबडीच्या पिसाचा एक वळसा, आणि गाठ. गळ धरून ठेवायला तिच्या अब्बूंनी कामावरचा छोटा हँडव्हाइस आणून दिला. गाठीवर लाखेसारखा थेंब लागतो. त्यासाठी माझी एक नेलपॉलिशची बाटली निघाली, लग्नात आलेली आणि वुजूच्या भीतीने वर्षानुवर्षे न उघडलेली. ती वाळली होती, नवी आणावी लागली. दुकानदार म्हणाला, "मॅडम, कोणता रंग?" मी म्हटले, "माशाला चालेल तो."

ही कला फार जुनी आहे. इसवी सनाच्या २०० च्या सुमारास रोमच्या एलियन नावाच्या लेखकाने लिहून ठेवले आहे की मॅसिडोनियातले लोक गळाला लाल लोकर गुंडाळून त्यावर कोंबड्याची दोन पिसे लावतात आणि ठिपक्यांचे मासे पकडतात. म्हणजे आमच्या धाकटीचे साहित्य अठराशे वर्षांत फारसे बदललेले नाही. आणि हा पुरुषांचाच छंद आहे असे कुणी म्हटले तर त्याला स्कॉटलंडच्या मेगन बॉइडबद्दल सांगावे. १९१५ मध्ये जन्मलेली ही बाई ब्रोरा गावाजवळच्या एका लहानशा घरात आयुष्यभर माश्या बांधत राहिली. दूरदूरचे लोक, अगदी राजपुत्र चार्ल्ससुद्धा, तिच्या माश्या वापरत. १९७१ मध्ये तिला ब्रिटिश एम्पायर मेडल जाहीर झाले, पण त्या दिवशी कुत्रा सांभाळायला कुणी नाही म्हणून ती गेली नाही. आणि गंमत अशी की ती स्वतः मासे पकडत नसे. जीव मारणे तिला आवडत नव्हते.

इंग्रज हा छंद घेऊन हिंदुस्थानात आले तेव्हा त्यांना ट्राउटची उणीव भासली, म्हणून १९०० च्या सुमारास त्यांनी ती काश्मीरच्या थंड ओढ्यांत आणून सोडली. आपल्या महाराष्ट्राचे पाणी तिला फार गरम. आपला अस्सल मासा म्हणजे महासीर. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या महासीरची शास्त्रीय नोंद केली आणि इथल्या लोकांच्या तोंडचे नावच त्याला दिले, खुद्री. १८७३ मध्ये मद्रासकडचा अधिकारी थॉमस याने 'द रॉड इन इंडिया' नावाचे जाडजूड पुस्तक लिहिले, त्यात महासीर गळाला कसा लावावा हे सविस्तर आहे. नद्या अडल्या, हा मासा कमी झाला, तेव्हा १९७० च्या दशकात लोणावळ्याच्या वळवण तलावावर टाटांच्या वीज कंपनीने त्याचे बीज तयार करायला सुरुवात केली. तिथली पिल्ले देशभर गेली. काही कावेरीतही सोडली गेली, आणि पुढे अभ्यासकांच्या लक्षात आले की कावेरीचा स्वतःचा नारिंगी परांचा महासीर मागे हटत जाऊन नामशेष व्हायच्या वाटेवर आला, त्याला हे पाहुणेही कारण झाले. चांगल्या नियतीने केलेले कामही आधी पाणी नीट पाहून करावे लागते.

पाणी पाहणे म्हणजे काय, ते आम्हाला मार्चमध्ये कळले. माशी बांधायची तर त्या पाण्यातले किडे कसे दिसतात हे माहीत हवे. म्हणून एका रविवारी आम्ही त्र्यंबककडच्या एका ओढ्यावर गेलो, घोट्याएवढे पाणी, आणि दगड उलटे करून पाहिले. दगडाच्या पोटाला चपटे, तीन शेपट्यांचे किडे चिकटलेले होते. हे पाण्यात महिनोन्‌महिने राहतात, पंख फुटून वर येतात आणि एखादा दिवस जगून मरतात. मासे त्यांच्यावर टपलेले असतात. चतुराच्या अळ्या होत्या, वाळूचे कण चिकटवून स्वतःभोवती नळी करून राहणारे किडे होते. मुलांनी वहीत चित्रे काढली. परत येताना मुलगा म्हणाला, "अम्मी, आपल्या नंदिनीतही बघूया." नंदिनी, म्हणजे जिला आपण अजून नासर्डीच म्हणतो, ती सातपुरातूनच जाते आणि पुढे टाकळीजवळ गोदावरीला मिळते. पुलाजवळ उतरून आम्ही दहा-बारा दगड उलटे केले. खाली काळा गाळ आणि त्यात वळवळणारे लाल किडे, बाकी काही नाही. ते तीन शेपट्यांचे किडे स्वच्छ पाण्याशिवाय टिकत नाहीत. नाकाला रुमाल लावून मुलगा म्हणाला, "इथे माशी कोणती बांधायची?" धाकटी म्हणाली, "प्लॅस्टिकची." सातपूरला राहून आम्हाला ही नदी रोज दिसते, पण दगडाखालून पहिल्यांदाच पाहिली. असल्या पाण्यातला मासा, लागला तरी, घरी आणायचा नाही, एवढे त्या दिवशी ठरले.

मग जायचे कुठे? नाशिककरांना पहिले आठवते ते गंगापूर धरण. पण धरण म्हणजे मोकळे मैदान नव्हे. शहराचे पिण्याचे पाणी तिथून येते, भिंतीजवळ आणि फलक लावलेल्या जागी जाता येत नाही. शिवाय धरणांतल्या मासेमारीचे हक्क ठेक्याने दिलेले असतात, बहुधा मच्छिमार सहकारी संस्थांना. त्या लोकांची रोजीरोटी त्यावर चालते. त्यांनी बीज सोडलेले असते. विचारल्याशिवाय गळ टाकणे म्हणजे दुसऱ्याच्या शेतातली कणसे तोडण्यासारखे. नांदूर मधमेश्वर तर पक्ष्यांचे अभयारण्य आहे, तिकडे हा विचारही नको. मुंबईकरांना पवई तलावावरची महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन ही जुनी संस्था आहे, तिथे रीतसर परवानगी घेऊन बसता येते. आपल्याकडे विचारत जावे लागते. सूरह आराफमध्ये शनिवारच्या मनाईतून पळवाट काढणाऱ्या समुद्रकाठच्या वस्तीचा किस्सा आहे, तो मी मुलांना आधीही सांगितला होता. या वेळी तो त्यांना जास्त समजला, कारण आता त्यांच्याही हातात गळ होता.

शेवटी शाळेतल्या एका सहकारी शिक्षकांनी गिरणारे बाजूच्या आपल्या शेतावर बोलावले. त्यांचे जुने मातीचे तळे आहे, त्यात चिलापी आणि थोडे रोहू. मी आधी एकच प्रश्न विचारला: "सर, खाली प्लॅस्टिक आहे का?" द्राक्षबागांसाठी आपल्या जिल्ह्यात प्लॅस्टिक अंथरलेली शेततळी जागोजागी झाली आहेत. त्यांचे काठ तिरपे आणि ओले झाले की साबणासारखे. पाय घसरून आत गेलेल्या माणसाला हाताने धरायला काही नसते, पोहता येत असले तरी वर चढता येत नाही. अशा तळ्यात गाठी मारलेला दोर कायम सोडलेला असावा. आणि मुलांना तिथे न्यायचेच नाही.

आमच्या घरचे पाण्याचे नियम मी फ्रिजवर लिहून लावले आहेत. मोठे माणूस बरोबर असल्याशिवाय जायचे नाही. पाण्यात उतरायचे नाही, घोट्यापर्यंतसुद्धा नाही. विलायतेत कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून माशी फेकतात, पण आपल्या तळ्यांत गाळ आणि वाळूउपशाचे खड्डे असतात. लाइफ जॅकेट काठावर असतानाही अंगात हवे. एक लांब दोर आणि झाकण घट्ट लावलेला रिकामा पाच लिटरचा तेलाचा कॅन बरोबर न्यायचा. कुणी पडले तर त्याच्यामागे उडी मारायची नाही, दोर बांधलेला कॅन फेकायचा, काठी नाहीतर ओढणी पुढे करायची, आणि ओरडून माणसे बोलवायची. माझ्या त्या विद्यार्थ्याबरोबरची मुले घाबरून पळाली होती. त्यांना कुणी हे शिकवलेच नव्हते. मीही नाही.

पण या साऱ्या नियमांत एक नियम मला लावावा लागला नाही, तो माशानेच लावला. मासा पाण्याखालून वर पाहतो, काठावरची हालचाल आणि सावली त्याला चटकन कळते. म्हणून माशीवाला काठापासून आठ-दहा फूट मागे उभा राहतो, जमल्यास बसतो, आणि तिथून दोरी फेकतो. काठावर गेला की मासे पसार. पहिल्या दिवशी तळ्यावर मी मुलाला "मागे ये" म्हणायला तोंड उघडले आणि पाहिले, तो आधीच गुडघ्यांवर बसून मागे सरकत होता. मला वाटते त्या क्षणी माझी कित्येक वर्षांची मूठ थोडी सैल झाली.

मासा मात्र लागला नाही. पहिला रविवार गेला, दुसरा गेला. मैदानावर सरळ जाणारी दोरी तळ्यावर बाभळीत अडकायची. तीन माश्या झाडाला लागल्या, एक मुलाच्याच टोपीला. गळाचा उलटा काटा आम्ही आधीच पकडीने दाबून सपाट केला होता, म्हणून टोपीतून सहज निघाला; माशाच्या तोंडातून आणि माणसाच्या बोटातूनही तसाच निघतो. (डोळ्याजवळ लागला तर मात्र हात लावू नये, झाकून सरळ दवाखान्यात जावे.)

तिसऱ्या रविवारी अब्बा म्हणाले, मीही येतो. येताना शेतातून एक बारीक, लवचीक बांबू तोडून घेतला, बारा-एक फूट. त्याच्या शेंड्याला तेवढ्याच लांबीची दोरी बांधली, पुढे नायलॉन. पिठाची गोळी लावायला निघाले तर धाकटी म्हणाली, "दादाजान, माझी माशी लावा." त्यांनी कपाळावर आठ्या घातल्या, पण नातीचे मन मोडवेना. रीळ नाही, पाच क्रमांक नाही, काही नाही. पुढे वाचनात आले की जपानच्या डोंगरी ओढ्यांवर शेकडो वर्षे अशीच मासेमारी चालते: लांब काठी, शेंड्याला बांधलेली दोरी, एक माशी. तेन्कारा म्हणतात. ज्यांना फ्लायच्या संचावर काही हजार रुपये घालायचे नसतील त्यांनी बांबूनेच सुरुवात करावी, असे मी आता सर्वांना सांगते. फेकण्याची रीत तीच, फक्त दोरी छोटी.

अब्बांनी माशी काठाजवळच्या गवताच्या कडेला टेकवली, बुडू दिली आणि हळूहळू ओढत आणली. चिलापी झडप घालत नाही, तोंडात घेऊन चाखते. दोरी जराशी थांबली. आम्हाला काही दिसले नाही, त्यांना दिसले. बांबू वर उचलला आणि तळहाताएवढी चिलापी बाहेर आली. १९५२ मध्ये परदेशातून भारतात आणलेला हा मासा आता तळ्यातळ्यांत आहे, कुणी त्याचे कौतुक करत नाही. आमच्याकडे त्याचे जेवढे झाले तेवढे सुरमईचेही झाले नसेल.

मग वाद सुरू झाला. मुलगा म्हणाला, सोडून देऊ. तिकडे फुफाजान पकडून सोडतात, हाच खेळ आहे. अब्बा गंभीर झाले. "पोरा, खायला धरला तर रिझ्क आहे. नुसता दुखवून सोडायला धरला तर त्याला काय सांगशील?" मुलगा गप्प झाला, मग म्हणाला, "पण दादाजान, तुमच्या गांडुळाच्या गळापेक्षा हे बरे ना? गांडुळाला तरी टोचत नाही." हे अब्बांनाही पटले.

मी आलिमा नाही, मसला ज्याने त्याने जाणकारांना विचारावा. पाण्यातली शिकार सूरह माइदाच्या ९६ व्या आयतीने आपल्याला हलाल आहे, आणि माशाला जबह लागत नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. पण जिवंत प्राण्याला निशाण्याची वस्तू करू नका, अशी ताकीदही सही मुस्लिममधल्या हदीसमध्ये आहे, आणि करमणुकीसाठी जीव तडफडवणे मला त्याच्याच जवळचे वाटते. सोडला की मासा वाचतोच असेही नाही. नंदोईंचे म्हणणे वेगळे: सगळेच मासे खायला नेले तर तलाव रिकामा होईल. तेही खोटे नाही. आमच्या घरापुरते असे ठरले की जायचे ते खायच्या नियतीने. ताटाएवढा झाला तर घरी, लहान निघाला तर हात ओले करून, पाण्याबाहेर फार वेळ न ठेवता लगेच परत. कोरड्या हाताने धरले तर त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, मग त्याला रोग लागतो. आणि घरच्या हंडीपुरते मिळाले की दोरी गुंडाळायची, मासे कितीही उड्या मारत असोत. ती तळहाताएवढी चिलापी परत गेली. अब्बांनीच सोडली.

मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी तीन मोठ्या चिलाप्या घरी आल्या, दोन अब्बांच्या बांबूला, एक मुलाच्या काठीला. मसाला अम्मींच्या पद्धतीचा, चिंच जास्त. काटे फार होते. मुलाने ताटातला एकही तुकडा सोडला नाही आणि कोणती कशी लागली हे मला दोनदा सांगितले, फोन कुठे ठेवला आहे हे त्याला रात्रीपर्यंत आठवले नाही.

आता पाऊस सुरू झाला आहे. पावसाळा हा आपल्या माशांचा अंडी घालण्याचा काळ, आणि पाणीही एका रात्रीत चढते, म्हणून काठी माळ्यावर गेली ती दिवाळीपर्यंत. रविवारची फजरनंतरची मैदानावरची वेळ मात्र चालू आहे. वॉचमन काकांनी परवा स्वतःच एकदा काठी मागून पाहिली. त्यांचा फटका थेट पोर्चपर्यंत ऐकू आला.

धाकटीने बकरी ईदला कुर्बानीच्या बोकडाचे तपकिरी केस कातून घेतले, साबणाने धुतले आणि गच्चीवर सुकवून खाऊच्या डब्यात भरून ठेवले आहेत. पाण्यात ते केस कसे हलतात हे ती बादलीत पाहत बसते. आतापर्यंत अकरा माश्या झाल्या आहेत. त्यांतली एक अब्बांनी बांधलेली आहे. ती कोणती, हे विचारावे लागत नाही. ती झुरळाएवढी आहे, आणि दिवाळीनंतर पहिली तीच लावायची असे त्यांनी आत्ताच सांगून ठेवले आहे.